पूर्वेकडे तोंड करून लढलेलं युद्ध

तीन रिटायर्ड फौजी रोज एकाच टपरीवर चहा प्यायला बसले की किस्से कसे साठतात ते विचारू नका. विसळायच्या बादलीतल्या कपांसारखे. एक उचलावा तर त्याला आणखी दोन अडकून येतात. आमची अडचण एवढीच की तिघांनाही सगळे किस्से पाठ आहेत, त्यामुळे ऐकायला नवा माणूस लागतो. आज तुम्ही सापडलात. बसा, चहा सांगितलाय.

आधी माणसं सांगतो. सुभेदार शिर्के आमच्यात मोठे. वयाने, हुद्द्याने आणि आवाजाने. देवरुखला मुलाकडे राहतात आणि सकाळी सुनेकडून घराचा रिपोर्ट घेतात. दुसरा मी, हुद्द्याने नायक, कामाने ड्रायव्हर. तिसरा जाधव. मी आणि जाधव देवरुखच्या पुढच्या एकाच बौद्धवाडीतले. भरतीला एकाच एसटीने गेलो. मला स्टिअरिंग मिळालं, त्याला झारा. फौजेत आचाऱ्याला लांगरी म्हणतात, तो जाधव.

आता एक गुपित. जाधवने नोकरीची बावीस वर्षं बायकोला एकच सांगितलं. "मी मागे छावणीत असतो, चुलीजवळ. गोळी लांब राहिली, माझ्या अंगावर उडली तर फोडणी उडेल." वहिनी निर्धास्त. खरं काय होतं? वर डोंगरावर पोस्ट आहे म्हणजे वर माणसं आहेत, आणि माणसं आहेत म्हणजे त्यांना दोन वेळा जेवायला लागतं. ते वर न्यायचं कोणी? लांगऱ्याने. आणि समोरून तोफगोळा येतो तो खालचा माणूस शिपाई आहे की डाळ घेऊन चाललाय हे विचारून येत नाही. जाधवने असे दोन हिवाळे काढले. मी खालपर्यंत गाडीने शिधा पोचवायचो, म्हणून मला माहीत. सुभेदारसाहेब वर पोस्टवर होते, तीच डाळ खायचे, म्हणून त्यांना माहीत.

रिटायर झाल्यावर तरी सांगावं ना? पण आता सांगितलं तर बावीस वर्षं खोटं बोललात म्हणून भांडण व्हायचं, आणि वहिनी भांडायला बसल्या की त्यापेक्षा कोर्ट मार्शल परवडलं. तेव्हा आम्ही दोघांनी जाधवला शब्द दिला, वहिनींना कधी कळू द्यायचं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग पिक्चरवाले आले.

*

मुंबईची कंपनी. लढाईचा पिक्चर. गोष्ट उत्तरेकडच्या बर्फातल्या पोस्टची, आणि शूटिंग कुठे? रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या समुद्रावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर! का, तर दिग्दर्शकाच्या मेहुण्याचं तिथे जवळच रिसॉर्ट होतं. जिल्ह्यातल्या आम्हा तीसेक माजी सैनिकांना कामाला घेतलं, कारण आम्हाला चालायला शिकवावं लागणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी कॅमेरामनने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि कपाळाला हात मारला. हिमालयाच्या मागे समुद्र दिसत होता. अधूनमधून एखादी मच्छीमार बोटसुद्धा.

समुद्र काही हलवता येत नाही. मग ठरलं, कॅमेरा पश्चिमेकडे पाठ करून लावायचा आणि चढही त्याच बाजूला, म्हणून त्याच्यासमोर सगळ्यांनी पूर्वेकडे चढाई करायची. आपलं सैन्य पूर्वेकडे तोंड करून निघालं. दुसऱ्या दिवशी शत्रूची चढाई. तीही पूर्वेकडेच! सुभेदारसाहेबांनी दिग्दर्शकाला शांतपणे विचारलं, की दोन्ही सैन्यं एकाच दिशेने चालली तर भेटायची कुठे? दिग्दर्शक म्हणाला, एडिटिंगमध्ये भेटतील.

साहेब परत येऊन खाली बसले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. चौथीतला पोरगाही असा नकाशा काढणार नाही, असं काहीसं ते पुटपुटत होते.

*

बर्फ मिठाचा होता. पोतीच्या पोती मीठ आणून सड्यावर पसरलं. आता आपला सडा म्हणजे लाल जांभा दगड. सकाळी दव पडलेलं. नऊ वाजेपर्यंत बर्फ पांढरा, दहा वाजता मळका आणि अकराला चक्क गुलाबी.

दिग्दर्शक आणखी मीठ मागवतोय तोवर खालच्या वाडीतल्या गुरांना वास लागला. हिरो शिखरावर झेंडा रोवून उभा, डोळ्यांत पाणी, मागे ढग, आणि त्या ढगांतून एक गाय आली. तिच्यामागे दुसरी. मग पाड्या. पाच मिनिटांत ज्या शिखरासाठी आम्ही दोन दिवस मरत होतो ते गुरांनी जिभेने जिंकलं.

मागून गुरांची मालकीण आली, सत्तरीची म्हातारी, हातात काठी. तिने सगळीकडे बघितलं आणि बरोबर हिरोला धरलं, कारण खांद्यावर सगळ्यात जास्त चकचकीत त्याच्याच होतं. तिचं म्हणणं सोपं होतं. तू मिलिटरीतला ना, मग ती पुढची कपिली जरा वळव. हिरो गायीला घाबरत होता. तो झेंडा घेऊन मागे मागे सरकायला लागला.

शेवटी आपलं सैन्य आणि शत्रूचं सैन्य, दोघांनी मिळून गुरं हाकली. पिक्चरमध्ये नाही आलं ते, पण त्या सड्यावर झालेली शिस्तीची कारवाई तेवढी एकच.

*

हिरो मेजर झाला होता. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या खांद्यावरचा हुद्दा बघितला की सुभेदारसाहेबांचा हात आपोआप वर जायचा. तीस वर्षांची सवय. हिरो व्हॅनमधून उतरला, सॅल्यूट. हिरो चहा घ्यायला गेला, सॅल्यूट. आणि साहेबांचा नियम असा की समोरच्याने सॅल्यूट घेतल्याशिवाय हात खाली येणार नाही. हिरो एकदा फोनवर आईशी बोलत होता तर साहेब समोर पंधरा मिनिटं तसेच उभे. पोरगा घामाघूम. शेवटी आईला थांबायला सांगून त्याने चुकीच्या हाताने सॅल्यूट घेतला. साहेबांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून दहा वेळा नीट करून घेतला.

आम्ही परोपरीने सांगितलं, साहेब, तो नट आहे. ते म्हणाले, मी नटाला करत नाही, कपड्याला करतो.

तिसऱ्या दिवशी हिरोचा मेकअपवाला थंडी वाजते म्हणून मेजरचं जाकीट घालून ऑम्लेट खात बसला होता. त्यालाही कडक सॅल्यूट बसला. बिचाऱ्याने ऑम्लेट खाली ठेवलं, उठून उभा राहिला, आणि मग काय करायचं ते न कळून वाकून नमस्कार केला. त्या दिवसापासून हिरो जाकीट बॅगेत भरून ठेवायला आणि फक्त शॉटच्या वेळी बाहेर काढायला लागला.

*

एक दिवस आम्हाला शत्रू केलं. बारा जण खंदकात. हिरोने एकट्याने मशीनगन घेऊन यायचं आणि आम्हाला संपवायचं. सूचना अशी, की तो दिसला की एकेकाने उठायचं, ओरडायचं आणि पडायचं.

साहेबांनी विचारलं, एकेकाने का? आणि उठायचं का? दिग्दर्शक म्हणाला, दिसायला छान दिसतं.

ॲक्शन झालं. हिरो उघड्या माळावरून छाती काढून येतोय. आडोसा नाही, वाकणं नाही, वर हळू चाल. आता तुम्हीच सांगा, समोरून माणूस असा यायला लागला तर तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाने करायचं काय? साहेबांनी बोटाने खूण केली. दोघं डावीकडून सरपटत गेले, दोघं उजवीकडून. कॅमेरामनला कळायच्या आत हिरो पालथा, हात त्याच्याच मफलरने बांधलेले आणि तोंडात सड्यावरचं वाळकं गवत. साहेब दिग्दर्शकासमोर सावधानमध्ये उभे राहिले. "सर, कैदी हाजिर है."

दिग्दर्शक "कट, कट" ओरडत राहिला. हिरोने मात्र गवत थुंकल्यावर विचारलं की हे मलाही शिकवाल का. तेव्हापासून मला तो पोरगा आवडायला लागला.

पुन्हा शॉट घेतला. सगळ्यांना सक्त ताकीद, की मरायचं आहे. आम्ही शहाण्यासारखे मेलो. साहेबही मेले, पण एका मोठ्या दगडाच्या मागे जाऊन. कॅमेऱ्यात दिसतच नव्हते. म्हणाले, मेलो तरी आडोशाला मरेन.

*

पिक्चरमध्ये हल्ल्याच्या आधी साहेब लोक भाषण करतात. ह्या पिक्चरमध्ये ते चार पानांचं होतं. मातृभूमी, रक्त, आईचं दूध, सगळं. हिरोने पाठ केलं, पण त्याचं समाधान होईना. त्याने सुभेदारसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, की खरोखरच्या हल्ल्याच्या आधी तुमचे मेजर काय बोलले होते? शब्दन् शब्द सांगा.

साहेबांनी डोळे मिटले. सगळं युनिट गोळा झालं. दिग्दर्शकाच्या असिस्टंट मॅडमने वही काढली.

"सगळ्यांनी लघवी करून घ्या," साहेब म्हणाले. "परत वेळ मिळायचा नाही."

मॅडमने वही मिटली. पण मी तुम्हाला सांगतो, माणसांची काळजी असलेला अधिकारी असाच बोलतो. चार पानं बोलायला वेळ कोणाकडे असतो?

*

ह्या असिस्टंट मॅडम पुण्याच्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या, आणि युनिटमध्ये आम्हाला काही विचारावंसं वाटणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना खरी पत्रं हवी होती, घरून सैनिकाला आलेली. पिक्चरमधलं पत्र कसं असतं? शिपाई ते छातीशी धरतो, मागे बासरी वाजते, आणि बायको शेतातून धावत येते. आमच्याकडे धावत आलेली बायको बांधावरून घसरून पडेल, पण ते असो.

जाधवने वहिनींचं एक जुनं पत्र दिलं. मॅडमने रुमाल तयार ठेवून वाचायला घेतलं. पत्रात पहिलं पान फणसाचं होतं. फणस आपल्या हद्दीत, पण फांदी चुलत्याच्या हद्दीत, आणि चुलत्याने तीन फणस नेले. दुसऱ्या पानावर कॅन्टीनमधून कुकर आणायचा होता, पाच लिटरचा, तीनचा नको. आणि शेवटी लिहिलं होतं, की तुम्ही चुलीजवळ फार बसू नका, धुराने खोकला होतो, आणि चपात्या लाटून हात दुखले तर खोबरेल लावा.

मॅडम हसल्या आणि ह्याचा काही उपयोग नाही म्हणून पत्र परत दिलं. ते पत्र त्या हिवाळ्यात मी स्वतः गाडीतून नेऊन जाधवला दिलं होतं. आदल्या दिवशी त्याच्यापासून वीस पावलांवर गोळा पडला होता आणि त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं. त्याने ते खोबरेलाचं वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघं खूप हसलो. मग तो तोंड फिरवून बसला आणि मी उगाच गाडीचं बॉनेट उघडून बघत राहिलो.

*

घात झाला तो नाश्त्याच्या लाइनीत. पोह्यांची प्लेट हातात घेऊन मॅडमने सहज विचारलं, की लढाई चालू असताना वर पोस्टवर जेवण कोण न्यायचं?

प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, हे सुभेदारसाहेबांना सोसत नाही. त्यांनी हात लांब करून जाधवकडे बोट दाखवलं. नंतर आम्ही दोघांनी त्यांना धारेवर धरलं तर म्हणाले, मी वहिनींना सांगणार नाही असा शब्द दिला होता. पिक्चरवाल्यांबद्दल काही ठरलं नव्हतं.

मॅडमने दिग्दर्शकाला सांगितलं आणि त्याला कल्पना आवडली. एक शॉट ठरला. चढावर गोळे पडतायत आणि एक माणूस खांद्यावर डाळीचा टोप घेऊन वर चाललाय. जाधव नको म्हणाला. पोह्यांची रिकामी प्लेट धुऊन ठेवली. मग म्हणाला, करतो, पण तोंड दिसता कामा नये. कॅमेरामनने त्याला खात्री दिली, की इतक्या लांबून तू मुंगीएवढा दिसशील.

रिकामा टोप दिला तर जाधवने तो परत केला. रिकामा टोप घेऊन माणूस वेगळा चालतो म्हणे. त्याने स्वतः डाळ शिजवली, टोप भरला, झाकण फडक्याने करकचून बांधलं आणि निघाला. त्याला सांगितलं होतं, धडाका झाला की पड.

पहिला धडाका झाला. जाधवने आधी टोप खाली घेतला. जमिनीवर सरळ ठेवला, उताराच्या बाजूला एक दगड सरकवला, आणि मग त्याच्या बाजूला आडवा झाला, एक हात झाकणावर ठेवून. हे सगळं एका दमात. उठला, टोप खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. दुसरा धडाका, पुन्हा तसंच. वर पोचला तेव्हा सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. दुपारी त्याच डाळीवर सगळे जेवले, थेंब सांडला नव्हता.

मी आणि साहेब टाळ्या वाजवत नव्हतो. साहेब सावधानमध्ये उभे होते. बावीस वर्षांत मी जाधवला फक्त खालून निघताना बघितलं होतं.

*

पिक्चर लागला. अख्खी वाडी टेम्पो करून रत्नागिरीला जायला निघाली. जाधवने वहिनींना घरी ठेवायचे सगळे प्रयत्न केले. आपण गर्दीत आहोत, तेही पाठमोरे, पिक्चर रद्दी आहे, थिएटरच्या एसीने सर्दी होते. वहिनी ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत चिवड्याचा डबा घेऊन सगळ्यांच्या आधी टेम्पोत बसलेल्या.

मधल्या रांगेत बसलो. वहिनी, त्यांच्या एका बाजूला जाधव, दुसऱ्या बाजूला मी, माझ्यापलीकडे सुभेदारसाहेब. पहिला अर्धा पिक्चर मजेत गेला. आम्ही बारा शत्रू म्हणून मेलो, वाडीने शिट्ट्या मारल्या. साहेब दिसले नाहीत.

मध्यंतरानंतर तो चढ आला. जाधव खुर्चीत खाली खाली सरकत होता. कॅमेरामन म्हणाला होता, मुंगीएवढा. कसली मुंगी! पडदाभर जाधव. कपाळावरचा घाम, गळ्याची शीर, सगळं. धडाका झाला, टोप खाली, दगड, आडवा, झाकणावर हात. उठला, चालला. पुन्हा धडाका. वाडीतली माणसं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती.

वहिनी ओरडल्या नाहीत. चिवड्याचा डबा मांडीवर तसाच. पडद्यावर हिरो परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला हळू आवाजात विचारलं, हे काय होतं?

"अगो, पिक्चर हाय तो," जाधव म्हणाला. "डायरेक्टरने सांगितलान तसा केलंय."

"आधी टोप सरळ ठेवायचा, त्याला दगड लावायचा, मंग आपण आडवा व्हायचा," वहिनी म्हणाल्या. "ह्या सगळा डायरेक्टरने सांगितलान?"

जाधवने माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब बाहेर जायच्या दाराकडे बघत होते.

तेवढ्यात पडद्यावर हिरोला गोळ्या लागल्या. एक नाही, पाच. तरी तो मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून बोलायला लागला. आईला काय सांगायचं, बायकोला काय सांगायचं, आपल्याला पहिल्या दिवशी किती भीती वाटली होती, कोणाला न सांगता कसा रडलो होतो. दहा मिनिटं तो बोलतच होता. थिएटरमध्ये सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज. वहिनींच्याही गालावरून पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं चला, हिरोने आपल्याला वाचवलं.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, जाधवकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"बघा. तो मरताना पण सगळा सांगतोय. तुमी जिवंत आसून नाय सांगितलात."